सर्टिफिकेटं भरपूर आहेत, केलेलं काम कुठाय? कॉलेजच्या पोरांसाठी आपण काय करू शकतो

ताळेबंद
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज रविवार मिळाला म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलंय पण वाचा.

मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो, बावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात आम्हाला एक ज्युनिअर पाहिजे होता, परचेसची बिलं चढवायला, बँकेचं जुळवायला, असल्या कामाला. चौदा पोरं-पोरी आल्या. बहुतेक बी.कॉम., दोघं एम.कॉम. प्रत्येकाच्या फायलीत प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली सर्टिफिकेटं, एमएस-सीआयटी, टॅली, अॅडव्हान्स एक्सेल, शिवाय कुठल्या कुठल्या वेबिनारची. मी इंटरव्ह्यूत फार काही विचारत नाही. तीन कागद पुढं ठेवतो, पार्टीचं म्हणजे माल देणाऱ्याचं बिल, आमच्या गेटची इनवर्ड म्हणजे आत आलेल्या मालाची नोंद आणि आमची पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, आणि म्हणतो हे बिल पास करायचं का नाही ते सांग. बिलात बेंटोनाईटची (साच्याच्या वाळूत मिसळायची माती) ४० पोती होती, गेटला ३८ उतरलेली, आणि बिलातला रेट पीओपेक्षा जास्त. बास, एवढंच.

चौदातल्या अकरा जणांनी कागद बघितले आणि मग माझ्या तोंडाकडं बघत बसले. ही पोरं मठ्ठ नाहीत हो, एकाला ७८ टक्के होते आणि डेबिट-क्रेडिटचे नियम त्यानं घडाघडा म्हणून दाखवले. पण तीन कागद एकत्र समोर ठेवून 'यात काय चुकलंय ते शोध' असं त्याला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. कॉलेजातल्या गणितात सगळे आकडे बरोबर दिलेले असतात, आमच्याकडं येणाऱ्या कागदात निम्मं काम चूक कुठाय ते हुडकण्याचंच असतं.

आम्ही घेतली ती मुलगी राधानगरीकडची. तिनं पहिल्यांदा इनवर्डवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर दोन पोती कमी आल्यात, पण गाडीवाल्याची सही हाय काय बघूया, नाहीतर पार्टी मानायची नाही." मी विचारलं हे कुठं शिकलीस, तर म्हणे गावातल्या दूध संस्थेत. सेक्रेटरी आजारी पडले तेव्हा सव्वा वर्ष सकाळ-संध्याकाळ दूध तिनं लिहून घेतलं होतं. सभासदांच्या दुधाची बेरीज आणि गाडीत चढलेलं दूध कधीच तंतोतंत बसत नाही, मग रोज रात्री फरक कुठनं आला ते बघायचं. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट असताना चुकून ६.६ पडलं की त्या सभासदाचा दर बदलतो, आणि दहा दिवसाचं बिल निघालं की शेजारची बाई दारात येऊन उभी राहते की माझ्यापेक्षा तिला जास्त कसं. त्या बाईला वही उघडून पटवून द्यायचं. हे सगळं तिनं वयाच्या एकोणिसाव्या वर्षी केलंय.

आणि यातलं एक अक्षर तिच्या बायोडाट्यात नव्हतं! विचारलं तर म्हणाली, "ते काय काम हाय होय सर, गावातलंच की."

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. आपण पोरांना कोर्स लाव, क्लास लाव म्हणून सांगतो, पण माणूस कामाला ठेवणारा बघतो एकच, की यानं दुसऱ्या कुणाचं तरी खरं काम हातात घेऊन शेवटाला नेलंय का, त्यात चुकल्यावर ते निस्तरलंय का, आणि ते नीट सांगता येतंय का. बाकीचं आम्ही सहा महिन्यांत शिकवतो.

नव्या शैक्षणिक धोरणामुळं आता बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी.लासुद्धा ओजेटी आलंय, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, चार क्रेडिट, १२० तास. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत पदवीच्या अभ्यासात आलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट. पण होतंय काय, पोरगं ओळखीच्या दुकानात जातं, लेटरहेडवर शिक्का मारून आणतं आणि १२० तास कागदावर पुरे होतात. फार वाईट वाटतं बघून.

जूनपासून मी तालुक्याच्या कॉलेजातली चार पोरं दर दुसऱ्या शनिवारी बसवतोय, आमच्या साहेबांची परवानगी काढून. जुनी, मिटलेली बिलं देतो, नावं-गावं झाकून. प्रत्येकाला एक वही घालायला लावलीय, त्यात तारीख, काय काम दिलं, काय अडलं, कसं सोडवलं, एवढं चार ओळीत लिहायचं. मला तुमच्याकडनं दोन गोष्टी पाहिजेत. एक, तुमच्या धंद्यात, ऑफिसात पोरांना देण्यासारखं, सुरुवात आणि शेवट असलेलं काम कोणतं ते सांगा. दुसरं, जमत असेल तर तुम्हीपण एक-दोघांना घ्या.

वजावट
दादा, पोटातलं बोललात. माझं सांगलीत सीएचं ऑफिस आहे. माझ्याकडे देण्यासारखं काम म्हणाल तर जीएसटीच्या टूबी तक्त्याचं मॅचिंग. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर टूबी येतं, म्हणजे तुमच्या पार्ट्यांनी भरलेली बिलं, ते आणि क्लायंटचं खरेदी रजिस्टर समोरासमोर लावायचं, आणि २० तारखेच्या आत थ्रीबी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं असतं म्हणजे हातात पाच-सहा दिवस. ज्या बिलाचा मेळ नाही त्यावर दिलेल्या कराचं क्रेडिट अडकतं, क्लायंटच्या खिशातून पैसे जातात, त्यामुळे हे काम खोटं-खोटं करताच येत नाही.

आता यात मजा अशी की पोरं व्हीलुकअप (एक्सेलात दोन याद्या जुळवायचा फॉर्म्युला) शिकून आलेली असतात आणि पहिल्या दिवशी निम्म्या ओळींना एरर येते. का, तर पार्टीनं बिल नंबर लिहिलाय ००४५ आणि आपल्या क्लायंटनं चढवलाय ४५. कुठं नंबरच्या मागं एक स्पेस राहिलीय जी डोळ्यांना दिसत नाही. कुठं जीएसटी नंबरच्या १५ अक्षरांत शून्याच्या जागी ओ टाकलाय. गेल्या वर्षी एक मुलगी चार तास त्यावर बसली, मी मुद्दाम काही बोलले नाही, शेवटी तिनं दोन्हीकडच्या नंबरातली अक्षरं मोजायचा फॉर्म्युला लावला आणि एकीकडं ७ आणि दुसरीकडं ८ आलं तेव्हा जी काय ओरडली! मग तिला ट्रिम, म्हणजे जादा स्पेस काढणारा फॉर्म्युला, सांगितलं, ते ती जन्मात विसरणार नाही.

एक मात्र अट घाला, काम झाल्यावर पार्टीला फोन पोरांनीच करायचा, 'साहेब तुमचं अमुक नंबरचं बिल टूबीत दिसत नाहीये, कधी भरताय'. पहिल्या फोनला हात थरथरतात. दहाव्याला सहज बोलतात.

खडूफळा
मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकवते. ताळेबंद यांचं सगळं मान्य, पण शिक्का का मारून आणतात तेही ऐका ना. माझ्याकडे एका वर्गातली साठ-पासष्ट मुलं ओजेटीसाठी, मी एकटी मार्गदर्शक, आणि आमच्या तालुक्यात एमआयडीसी म्हणजे चार शेड. कुठं पाठवू यांना? पहिल्या वर्षी आम्ही मोठमोठ्या कंपन्यांना पत्रं पाठवत बसलो, एकाचंही उत्तर आलं नाही.

मग दुसऱ्या वर्षी आमच्या एका सहकारी सरांनी सुचवलं, की कंपनी कंपनी काय करताय, गावात हिशोब कुठं कुठं लिहिला जातो तेवढं बघा. मग यादी झाली. पतसंस्था, दूध संस्था, खताचं दुकान, मेडिकल, शेतकरी उत्पादक कंपनी, ग्रामपंचायत. तिघींना ग्रामपंचायतीत नमुना ८ आणि ९ च्या रजिस्टरवर बसवलं, घरपट्टीची मागणी किती, वसूल किती, थकबाकी कुणाची किती वर्षांची, ते एक्सेलला उतरवून वॉर्डाप्रमाणं काढलं. ग्रामसेवक आधी नाखूष होते, शेवटी त्यांनीच मासिक सभेत तो तक्ता लावला. त्या मुली आता कुणालाही 'थकबाकीचं एजिंग' समजावून सांगतात, जे मी वर्गात तीनदा शिकवून डोक्यावरून गेलं होतं.

एक्सेलसाठी पैसे नसलेल्या मुलांसाठी सांगते, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिब्रेऑफिसचे धडे चक्क मराठीत आहेत, फुकट, दहा-बारा मिनिटांचे. आधी तेवढे बघून जा म्हटलं की पहिल्या दिवशी अगदीच कोरं पोरगं जात नाही.

तिसरंवर्ष
सगळ्या मोठ्या लोकांची माफी मागून बोलतो. मी पुण्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव बीडकडं. माझं ओजेटी एका ऑफिसात झालं, नाव नाही घेत. १२० तासात मी झेरॉक्स काढल्या, कुरिअर पोचवलं आणि साहेबांच्या मुलाचा प्रोजेक्ट टाईप करून दिला. एक रुपया नाही मिळाला आणि कोथरूडहून जायचं-यायचं भाडं माझंच. मी संध्याकाळी ६ ते ११ एका मेसमध्ये काम करतो तेव्हा खोलीभाडं निघतं, ते १२० तास मी मेसमधे केले असते तर भाड्याला तरी हातभार लागला असता. तुम्ही म्हणता पोरं शिक्का मारून आणतात, पण ज्याला पोट भरायचंय तो काय करणार? आणि इंग्लिश येत नाही हा वेगळाच विषय, ग्रुप डिस्कशनला तोंडच उघडत नाही माझं.

ताळेबंद
तिसरंवर्ष, माफी कशाला मागतोस बाबा, तू बोललास ते बरोबर आहे आणि मी माझ्या पोस्टमध्ये ते धरलंच नव्हतं. माझ्याकडं येणारी चार पोरं कॉलेज सुटल्यावर येतात, त्यांच्या येण्या-जाण्याचं आणि जेवणाचं काय याचा विचार मी केला नव्हता. उद्याच साहेबांशी बोलतो.

कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली ती 'स्वावलंबी शिक्षण' म्हणूनच. पोरांनी काम करायचं, पण त्या कामातनं त्यांचं शिक्षण निघायचं. आपण काम घेऊन मोबदल्यात नुसता शिक्का देत असू तर तो त्या विचाराचा अपमान आहे. जो कोणी पोरगं घेईल त्यानं निदान भाडं आणि जेवण दिलंच पाहिजे, आणि झेरॉक्सला बसवायचं असेल तर घेऊच नये.

आणि तू मेसमध्ये काय काय करतोस ते जरा सविस्तर लिही बघू इथं.

मायक्रॉन
नाशिकच्या सातपूरला माझं छोटं मशीन शॉप आहे, वीसेक माणसं. डिप्लोमाच्या पोरांबद्दल सांगतो. आल्या आल्या मी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं हत्यार) हातात देतो. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारलं की ०.०२ मिमी म्हणून लगेच सांगतात. मग एकच पीस तीन पोरांना मापायला देतो आणि तीन वेगळी मापं येतात. एकानं जबडा तिरका धरलेला, दुसऱ्यानं आवळून दाबलेलं, तिसऱ्यानं पीसच्या कडेची बर (धातूची कुसळं) काढलीच नाही. मग त्यांनाच म्हणतो, आता तिघांनी मिळून ठरवा खरं माप काय आणि कागदावर लिहा का ते. हे अर्ध्या तासाचं काम आहे, कुठल्याही कॉलेजच्या वर्कशॉपात होऊ शकतं, त्याला कंपनी लागत नाही. ड्रॉईंगवर ±०.०५ लिहिलेलं असताना तुझं माप ०.०८ ने हललं तर तू चांगला माल रिजेक्ट करशील नाहीतर खराब पास करशील, हे एकदा स्वतःच्या हातानं झालं की पोरगं बदलतं.

पैशाचं म्हणाल तर अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर घ्या ना. १९६१ चा कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्यांना एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारकच आहे, माझ्यासारख्या छोट्यांना ऐच्छिक. पदवीधराला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० असं २०१९ च्या नियमात ठरलं होतं, आताचा आकडा पोर्टलवर बघा, आणि नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेतून घेतलं तर त्या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. साधे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. वालेपण त्यात बसतात, हे पोरांना कुणी सांगतच नाही, सगळ्यांना वाटतं अप्रेंटिस म्हणजे आयटीआय. कॉलेज संपल्या संपल्या पोर्टलवर नाव नोंदवा.

एसटीप्रवासी
मुलीची आई म्हणून लिहिते. आमची मुलगी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला, आमच्या गावची शेवटची गाडी सहाला. तुम्ही लोक मुलींना घ्याल तेव्हा वेळ आधी सांगा आणि पाळा. मागच्या वर्षी एका ठिकाणी रोज 'अजून दहा मिनिटं' करत गाडी चुकवली, हे गाडी घेऊन न्यायला गेले तीनदा, मग मीच बंद केलं. तिला यायची खूप इच्छा होती हो.

वजावट
ताई, अगदी बरोबर. आमच्याकडे मुलींना साडेचारला सोडायचं म्हणजे सोडायचं, काम राहिलं तर उद्या. सांगली किंवा मिरजेला येणं जमणार असेल तर मला निरोप करा.

नेकारकाठ
मी मूळची सातारची, गेली नऊ वर्षं श्टुटगार्टजवळ असते, कारखान्यात क्वालिटीला. ताळेबंद दादांच्या वहीबद्दल वाचलं आणि लिहावंसं वाटलं. इथं औसबिल्डुंग म्हणून पद्धत आहे, मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि बाकीचे दिवस शाळेत, साधारण दोन ते साडेतीन वर्षं, आणि कंपनी पगार देते. त्यात प्रत्येक मुलाला एक वही ठेवावीच लागते, बेरिश्ट्सहेफ्ट म्हणतात, काय काम केलं, शाळेत काय शिकलो, आणि कंपनीतला शिकवणारा त्यावर सही करतो. ती वही पुरी नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसूच देत नाहीत. आमच्याकडं शिकायला आलेल्या एका मुलाची वही मी दर शुक्रवारी बघायची. पहिल्या महिन्यात लिहायचा 'मोजमाप केलं'. मी विचारायचे कशाचं, कशानं, किती पीस, किती नापास, नापासचं काय केलं. तीन महिन्यांनी मला विचारावंच लागेना. तेव्हा दादा, नुसती वही नको, ती कुणीतरी वाचून प्रश्न विचारणारा पाहिजे.

२०२४ ला महाराष्ट्र सरकारनं आमच्या या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला तेव्हापासून गावाकडनं खूप फोन येतात. मी सगळ्यांना सांगते, जर्मन तर शिकाच, पण तुम्ही आजवर काय केलंय ते आधी मराठीत पाच वाक्यांत सांगता येतंय का बघा.

तिसरंवर्ष
ताळेबंद सर, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मेसला ९० मेंबर आहेत. मी आधी ताटं वाढायचो, मग काका म्हणाले हिशोब बघ, त्याला दोन वर्षं झाली. आधी मेंबरांचे खाडे वहीत लिहायचे आणि महिनाअखेर भांडणं व्हायची की मी आठ दिवस नव्हतो, तू चारच लिहिलेस. मी गुगल फॉर्म केला, ज्याला खाडा करायचाय त्यानं आदल्या दिवशी रात्री ९ च्या आत भरायचा, आणि सकाळी काकूंना आकडा सांगायचा किती जण जेवायला आहेत. पोळ्या उरायच्या त्या कमी झाल्या. रविवारी मात्र आकडा चुकायचा, कारण पोरं फॉर्म न भरता बाहेर जेवायला जातात, मग मी मागच्या सहा रविवारांचा आकडा काढून त्यावरून काकूंना सांगायला लागलो. एवढंच आहे, यात काही शिकण्यासारखं नाही.

नेकारकाठ
अरे!! हे एवढंच आहे??

ताळेबंद
बाबा, तू दोन वर्षं मागणीचा अंदाज काढतोयस आणि भांडणं मिटवतोयस. राधानगरीच्या मुलीनं असंच काम केलं होतं, पण बायोडाट्यात घातलं नव्हतं. तुझ्या बायोडाट्यात मेस आहे का?

तिसरंवर्ष
नाही सर. कमीपणा वाटला. 'टीम प्लेअर, हार्ड वर्किंग, क्विक लर्नर' असं नेटवरचं टाकलंय.

खडूफळा
ते तिन्ही शब्द आजच काढून टाक बाळा. आणि इंग्रजीचं म्हणशील तर गटचर्चेपासून सुरुवात नकोच. तू हे जे वर मराठीत लिहिलंस तेच रोज एक-एक वाक्य करून इंग्रजीत लिही, मोठ्यानं वाच. स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलताना शब्द कमी पडले तरी माणूस अडत नाही, हे मी दर वर्षी वर्गात बघते. माझ्या मुलांकडून मी रोज चार ओळींचा ईमेल लिहून घेते, आज काय झालं, काय राहिलं, उद्या काय करणार. सुरुवातीला विषयाची ओळच रिकामी सोडतात, महिन्याभरात बसतं.

मायक्रॉन
सर्वांना एक विचारतो, पोरांना घेतल्यावर चूक झाली तर? माझ्याकडं एकानं पन्नास पीस उलट्या बाजूनं ड्रिल केले. नुकसान झालं, मी ओरडलोपण.

ताळेबंद
म्हणून मी मिटलेल्या बिलांपासून सुरू करतो. चुकलं तरी कुणाचं बुडत नाही. तुमच्याकडं स्क्रॅपमधले पीस असतील ना, पहिले पंधरा दिवस त्यावर. मग खऱ्या मालावर, पण पहिला पीस तुम्ही बघितल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. आणि ज्यानं पन्नास पीस घालवले त्याच्याकडनं लिहून घ्या, का झालं आणि पीस धरायच्या फिक्श्चरला काय केलं असतं तर झालं नसतं. ते पान तो पुढच्या इंटरव्ह्यूत सांगू शकेल.

साहेबांशी बोललो. भाडं आणि कँटीनचं जेवण मंजूर झालं, आणि चारऐवजी सहा पोरं घ्या म्हणाले, पण शनिवारऐवजी बुधवारी, कारण शनिवारी डिस्पॅचची गडबड असते. कागल, मुरगूड, राधानगरी भागातल्या कॉलेजचं कुणी इथं असेल तर कळवा.

तिसरंवर्ष, तुझ्यासाठी लिहून ठेवलंय, यात आकडे तुझ्या वहीतले घाल, माझ्या मनचे नकोत: '९० सभासदांच्या मेसचा रोजचा हिशोब दोन वर्षं सांभाळला. खाड्यांची नोंद वहीतून ऑनलाईन फॉर्मवर आणली. मागील रविवारांच्या नोंदींवरून जेवणाऱ्यांचा अंदाज देतो.' अन्न किती वाचलं ते काकूंना विचारून, आठवडाभर पोळ्या मोजून मगच लिही. आणि खाली काकांचा नंबर त्यांना विचारून दे, कुणी फोन केला तर ते सांगतील.

तिसरंवर्ष
आजपासून मोजतो सर. काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या आधी मोठी परात भरून उरायच्या, आता तळाला असतात. आज रात्री उरल्या २३.